टोफूचा बांगडा

आमच्या साहेबांचा फोटोवर विश्वास नव्हता. विम्याच्या दाव्यांची पाहणी करणाऱ्या माणसाला हे परवडण्यासारखं नाही, कारण आता तो सगळा धंदा फोटोवरच चालतो. कुणाच्या गोदामाला आग लागते, कुणाच्या दुकानात पाणी शिरतं, मग विमा कंपनी आमच्यासारख्या लहान कचेरीला कळवते की जाऊन बघा, खरं नुकसान किती ते सांगा. बाकीच्या कचेऱ्या मोबाईलवर फोटो मागवतात आणि चहा संपायच्या आत अहवाल लिहून मोकळ्या होतात. साहेब म्हणायचे, "फोटो म्हणजे दुसऱ्याचा डोळा. दुसऱ्याच्याच डोळ्यांनी बघायचं, तर आपले कशाला बाळगायचे?" आणि पिशवी काखोटीला मारून निघायचे.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा आमची कचेरी घाटकोपरला एका फरसाणाच्या दुकानावर होती. पहिल्याच आठवड्यात ते मला कुर्ल्याला एका जळालेल्या गोदामात घेऊन गेले. मालकाचं म्हणणं, उंची कापडाचे तागे जळाले. तो कपाळावर हात मारून घेत होता, त्याचे भाऊ त्याला दोन्हीकडून धरून उभे होते, सगळं कसं रीतसर चाललं होतं. साहेबांनी वाकून चिमूटभर राख उचलली, चुरली, हुंगली आणि शांतपणे जिभेच्या टोकाला लावली. मग बाजूला थुंकून म्हणाले, "गोणपाट."

भाऊ मालकाला धरायचं विसरले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "साहेब, खरंच चवीवरून कळतं?"

"छे. कोपऱ्यात अर्धवट जळालेली सुतळी पडली होती, तिच्यावरून कळलं. पण सुतळी दाखवली असती तर तो वाद घालत बसला असता. राख खाणाऱ्या माणसाशी कुणी वाद घालत नाही."

असा हा माणूस. "बघितल्याशिवाय बोलू नये आणि बघितल्यावर कमी बोलावं," हे त्यांचं आणखी एक वाक्य. यातलं पहिलं ते कसोशीने पाळत. दुसरं आम्ही पाळावं अशी त्यांची अपेक्षा असे.

घरीसुद्धा ते अहवालाच्याच भाषेत बोलत. "सकृद्दर्शनी आमटी आंबट आहे. अंतिम मत भात आल्यावर." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पळी हातात धरून म्हणायच्या, "भात येवचो नाय. अंतिम मत देवन टाका." काकू वेंगुर्ल्याच्या. जन्म मुंबईच्या बँकेत कॅशियर म्हणून गेला, पण चेष्टेवर किंवा रागावर आल्या की मालवणीत शिरत. खरोखर काही लागलं असेल तेव्हा मात्र शुद्ध, काउंटरवरचं मराठी बोलत. ते फार क्वचित ऐकू यायचं.

साहेब साताऱ्याकडच्या अशा घरातले, की जिथे चातुर्मासात कांद्यालासुद्धा उंबरा ओलांडता येत नसे. बँकेच्या काउंटरवर ओळख झाली, वाढली, आणि साताऱ्याच्या आईने लग्नाला एका अटीवर होकार दिला. सुनेने तिला हवं ते खावं, पण मुलाने कधी तोंडाला मासा लावणार नाही असा शब्द द्यावा. साहेबांनी दिला. त्यानंतर मुलुंडच्या त्या घरात ओट्याच्या एका टोकाला काकूंचा तवा आणि दुसऱ्या टोकाला साहेबांचा, काकूंचा कालथा वेगळा, साहेबांचा वेगळा, असा संसार चाळीस वर्षं चालला. जेवायला मात्र दोघं समोरासमोर बसत. एकीच्या ताटात बांगडा, दुसऱ्याच्या ताटात बटाट्याच्या काचऱ्या.

गंमत म्हणजे माशाबद्दल साहेबांना खाण्याखेरीज सगळं ठाऊक होतं. रविवारी पिशवी धरून ते काकूंबरोबर मासळीबाजारात जात. कल्ले उचलून लाली बघत, डोळे बघत, पोट बोटाने दाबून बघत. एकदा मी बरोबर होते. कोळीण वैतागून म्हणाली, "ए मास्तर, तू खात नाय ना? मंग दाबून कशाला बगतंस?"

"मी खरेदी करत नाही, बाई. मी पाहणी करतो."

"पानी करतंस? मंग मासलीवर मार नि जा पुढं," ती म्हणाली.

साहेब निवृत्त झाल्यावर कचेरी माझ्याकडे आली. मी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत असल्यामुळे काही अडलं की जाऊन विचारायची, आणि काही अडलं नसलं की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. त्या जाण्यायेण्यातच पुढचं सगळं मला बघायला मिळालं.

एका दुपारी काकूंनी नेहमीसारखा बांगडा खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घशाशी आवळल्यासारखं झालं. पुन्हा एकदा तेच झालं तेव्हा डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, अॅलर्जी. कुठलाही मासा नको. माशाच्या तेलाचा थेंबही नको.

"ह्या वयात?" काकूंनी विचारलं.

"या वयातही होते," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं वय तीसही नसावं.

काकूंचा तवा साहेबांनी स्वतः घासून, उकळत्या पाण्यातून काढून माळ्यावर टाकला. काकूंनी तक्रार केली नाही. त्या फक्त जेवेनाशा झाल्या. मटण, कोंबडी त्यांना लहानपणापासून जात नसे. डाळी दोन घास, पेज दोन घोट, "पोट भरला" म्हणून उठायच्या. पनीर आणलं तर म्हणाल्या, "दूध नासला तर फेकूचा असता, खावचा नसता." महिन्यादोन महिन्यांत बांगड्या मनगटावरून वर सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर त्या अंथरूण धरतील. काकू एकदा मला सहज सुरात म्हणाल्या, "समोर ताट घेवन बसतंय गो, पण तेच्यात माझा काय्येक नसता."

साहेब त्यांना एका आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. तिथे काचेचं टेबल होतं, त्यावर प्लास्टिकची केळी आणि प्लास्टिकचा भात ठेवला होता. बाईंनी खूप इंग्रजी बोलून शेवटी टोफू खा असं सांगितलं. प्लास्टिकचा भात बघून साहेबांचं त्यांच्याबद्दल प्रतिकूल मत झालं होतं, तरी त्यांनी टोफू आणला. पाण्यात बुडालेली ती पांढरी वडी काकूंनी पाकिटावरूनच दाबली.

"ह्या काय? भांडी घासूचो स्पंज?"

"सोयाबीनचं असतं. प्रथिनं आहेत."

"मग तुमी खावा प्रथिनां."

साहेबांच्या डोक्यात कल्पना आली ती इथे. बायको टोफू खात नाही आणि माशाशिवाय जेवत नाही, तर टोफूचा मासा करावा. आयुष्यभर स्वतःच्या काचऱ्यांपलीकडे काही न केलेल्या त्या माणसाने स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

पहिल्या दिवशी वडी पाण्यातून काढली तशीच तेलात सोडली. तेल भिंतीवर, छतावर आणि साहेबांच्या चष्म्यावर उडालं. मग त्यांना पाणी काढण्याचं महत्त्व पटलं. टोफू पंच्यात गुंडाळायचा, दोन ताटल्यांमध्ये ठेवायचा आणि वर वजन द्यायचं. वजन म्हणून त्यांनी विमा कायद्याचे जाडजूड खंड वापरले. "इतक्या वर्षांत यांचा प्रथमच कुणाला उपयोग होतोय," म्हणाले. पुढे त्यांनी टोफू फ्रीजरमध्ये गोठवून बघितला. गोठून सुटला की त्याला आत जाळी पडते, हाताने पिळता येतो आणि मसाला खोलवर पितो. हा शोध त्यांनी मला फोन करून सांगितला. मी त्या वेळी भिवंडीला एका कोसळलेल्या शेडखाली उभी होते.

मसाला त्यांना पाठ होता, कारण काकूंना लावताना त्यांनी हजारदा बघितलं होतं. हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण, मालवणी मसाला, कोकमाचं आगळ. मग तांदळाचं पीठ आणि रवा मिसळून त्यात घोळवायचं, आणि तव्यावर बेताच्या तेलात दोन्हीकडून तळायचं. तळणं जमलं तेव्हा भाजण्याकडे वळले. गॅलरीत कोळशाची लहान शेगडी मांडली, वर वांगी भाजायची जाळी ठेवली. टोफू जाळीला चिकटायचा आणि उचलताना फाटायचा. कितीतरी वड्या वाया गेल्या तेव्हा त्यांना मर्म कळलं: जाळी आधी सणसणीत तापवायची, तेलाचा हात फिरवायचा आणि टोफू ठेवल्यावर त्याला डिवचायचं नाही. "सुटायला तयार झाला की तो आपण होऊन सुटतो. दावेदारासारखा आहे. घाई केली की फाटतो आणि मग हाती काही लागत नाही."

कधी हळदीच्या पानात गुंडाळून भाजायचे, कधी हिरवं वाटण भरून. दिसायला सगळं उत्तम. खवय्यांच्या मासिकात छापावं असं. काकू एक तुकडा तोडत, चावत, गिळत, म्हणत, "बरो आसा." आणि ताट बाजूला सारत. साहेब त्या ताटाकडे असे बघत राहायचे की मला दुसरीकडे बघावंसं वाटायचं.

एका संध्याकाळी मी तिथे असताना बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी. हे गृहस्थ सोसायटीच्या गणपतीत स्वतःचं नाव स्वतःच माईकवरून पुकारायचे. चारही मजल्यांच्या शुद्धतेची जबाबदारी आपल्यावर आहे अशी त्यांची समजूत होती.

"साहेब, एवढं तरी बघा," ते नाकाला रुमाल लावून म्हणाले. "आज एकादशी. तुमच्या गॅलरीतून मासळीचा वास येतोय. वरच्या मजल्यावर माझ्या आईला मळमळायला लागलं."

साहेबांचा चेहरा असा उजळला, की सेक्रेटरी एक पाऊल मागे सरकले.

"मासळीचा? नक्की?"

"म्हणजे काय, नक्कीच."

"कुठल्या मासळीचा?"

"ते मला काय माहीत? आमच्यात खात नाहीत."

साहेबांनी त्यांना हाताला धरून गॅलरीत नेलं, शेगडी दाखवली, टोफूचं पाकीट दाखवलं, त्यावरचा हिरवा ठिपका दाखवला आणि गरम तुकडा खायला लावला. एकादशीला चालतो का यावर सेक्रेटरींनी थोडा विचार केला आणि दुसरा तुकडाही घेतला. ते गेल्यावर साहेब विजयी मुद्रेने काकूंकडे वळले.

"ऐकलंस? वासाबद्दल लेखी नसली तरी तोंडी हरकत आली. म्हणजे वास बरोबर आहे."

काकू खुर्चीत बसून होत्या. म्हणाल्या, "तेका काय कळता? तेणा जन्मात मासो खाल्लेलो नाय."

"तरी पण..."

"आणि तुमी तरी खय खाल्लास?"

साहेबांनी चिमटा उचलून कोळसे सारखे केले.

"लोकांची राख चाखत फिरलास," काकू म्हणाल्या. "माझो मासो कधी चाखलास नाय. आणि आता करूक बसलास."

त्यात राग नव्हता. चेष्टाच होती. पण साहेबांनी चिमटा खाली ठेवला आणि कोळसे विझेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. फोटोवर कधी विश्वास न ठेवलेला हा माणूस इतके दिवस नुसत्या बघितलेल्या गोष्टीवर अहवाल लिहीत होता, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. मला तर ते आधीच दिसायला हवं होतं, पण मी त्यांचीच शिष्या.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "बुधवारी दुपारी मोकळी आहेस? पाहणीला जायचंय. भांडुपला."

भांडुपला स्टेशनाजवळच्या गल्लीत एक मालवणी खानावळ आहे. बुधवार म्हणजे मासे खाणाऱ्यांचा वार, त्यामुळे गर्दी होती. वेटरने साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "काका, तुम्हाला व्हेज थाळी?"

"बांगडा. तळलेला."

"काटे असतात हां, काका."

"त्यासाठीच आलोय."

बांगडा आला. साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मी म्हटलं, "साहेब, नाही खाल्लात तरी चालेल. मी सांगते ना तुम्हाला कसा लागतो ते."

"दुसऱ्याची जीभ," ते म्हणाले.

मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आई असती तर तिला सांगून आलो असतो. आता नाही, तर हे न सांगताच करावं लागतंय." आणि पहिला घास तोडला.

मी इतक्या वर्षांत त्यांना अनेक जागी बघितलं होतं, पण असं अवघडलेलं कधी नाही. घास तोंडात ठेवून ते थांबले. गिळला. पाण्याकडे हात गेला, तो मध्येच थांबला. दुसरा घास. तिसऱ्या घासाला काटा लागला, तो त्यांनी काढून ताटाच्या कडेला आडवा ठेवला. पुढचा त्याला समांतर. शेजारच्या टेबलावरचे लोक उठले, दुसरे बसले, तरी हे आपले खाताहेत.

शेवटी म्हणाले, "मी तिला चौकोन खाऊ घालत होतो गं."

"म्हणजे?"

"हा कापला जात नाही. सुटतो. आपण होऊन सुटतो, थराथराने. मी सुरीने चौकोन पाडत होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि पीठ किती लावत होतो. गादी शिवल्यासारखं."

"आवडला का?" मी विचारलं.

"ते पाहणीच्या कक्षेत येत नाही," साहेब म्हणाले. पण ताटात डोकं, मणका आणि समांतर काट्यांखेरीज काही उरलं नव्हतं.

त्यांनी दुसरा सदरा पिशवीतून आणला होता. काकूंना थेंबही चालणार नाही हे ते एक क्षण विसरले नव्हते. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, लिंबाने मिशा चोळल्या, चुळा भरल्या, मोरीच्या आडोशाला सदरा बदलला. वेटर आधी काळजीने आणि मग करमणूक म्हणून बघत राहिला. "काका, घरी सांगून आला नाही वाटतं," तो म्हणाला.

मुलुंडला आलो तेव्हा काकू पेपर वाचत होत्या. साहेब दारापासून आत चार पावलं गेले असतील.

"खय गेल्लास?"

"पाहणीला."

काकूंनी पेपर खाली घेतला. त्यांना चष्म्याची गरज नव्हती. नाक पुरे होतं. "बांगडो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू होतंस बरोबर?"

मी हो म्हटलं. काकूंनी पेपरची घडी घातली. काकू बोलल्या तेव्हा मालवणी गेली होती.

"पहिल्या वर्षी मी रोज तुमच्यासाठी एक घास बाजूला काढून ठेवायचे. तुम्ही म्हणायचात, आईला शब्द दिलाय. मग मी विचारणं बंद केलं. एवढी वर्षं तुमच्यासमोर बसून एकटीने खाल्लं. वाटायचं, एकदा, कधीतरी एकदा, हा माणूस माझ्या ताटातला तुकडा उचलेल. आणि आता मला काटा चोखायची चोरी झाली, तेव्हा तुम्ही हॉटेलात जाऊन खाऊन येता."

साहेब उभेच होते. माझ्या ओळखीत पहिल्यांदाच त्यांच्याकडे आक्षेप नव्हता, खुलासा नव्हता, उपकलम नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "दावा खरा आहे."

आणि ते स्वयंपाकघरात गेले.

मी निघायला हवं होतं, पण काकूंनी हाताने बस अशी खूण केली. आतून आवाज येत राहिले. गोठवून सुटलेला टोफू पिळल्याचा, पाणी मोरीत पडल्याचा. सुरीचा आवाज आला नाही. मी डोकावून बघितलं, तर ते वडी हातांनीच फोडत होते, लांबट, वेडेवाकडे तुकडे. आगळ आणि मसाला लावून ठेवला. पीठ एकाच बाजूला लावलं, साल असावी तसं, तेही झटकून. तव्यावर पहिला तुकडा पडला आणि तो आवाज ऐकून काकू उठल्या, दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"आच कमी करा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कमी केली.

ताट वाढून झालं. दोघं नेहमीसारखी समोरासमोर बसली. साहेबांनी स्वतःला काहीच घेतलं नव्हतं. काकूंनी ताटाला हात लावला नाही.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"सकृद्दर्शनी..."

"अहवाल नको. कसा होता सांगा."

साहेबांनी डोळे मिटले. "आधी साल. कुरकुरीत, पण पातळ. ती मोडली की मीठ जिभेवर पसरतं. आतलं मांस काळसर, ओलसर. तेलकट लागतं, पण ते तेल तव्याचं नाही. त्याचं स्वतःचं आहे."

काकूंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. नजर साहेबांवरच. "मग?"

"मग काटा येतो. जीभ थांबते. थांबली की मागची चव कळते. आंबट आणि त्याच्याही मागे थोडी गोड."

"गोड कळली तुमका?"

"शेवटी शेवटी."

"ताजो होतो मग." दुसरा तुकडा गेला. "पोटाकडचो आधी खाल्लास, की शेपटीकडचो?"

"शेपटीकडचा."

"पोटाकडचो आधी खावचो असता, गरम असताना. बरा, पोटाकडचा सांगा."

साहेब सांगत राहिले. मी त्यांच्या हाताखाली इतके अहवाल वाचले, पण असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. अडखळत होते, शब्द शोधत होते, चुकत होते. काकू मधूनच दुरुस्त करत, पुन्हा विचारत, आणि त्यांचा हात ताटाकडे जात राहिला. साहेबांनी एकदाही ताटाकडे बघितलं नाही. बघितलं तर ते थांबेल अशी त्यांना भीती असावी.

शेवटचा तुकडा संपला तेव्हा काकू म्हणाल्या, "टोफू तो टोफूच. तेचो बांगडो होवचो नाय."

"नाही," साहेब म्हणाले.

काकू ताट घेऊन उठल्या. मोरीशी जाऊन, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "शुक्रवारी सुरमय खावन येवा. आणि मधलो तुकडो मागून घेवा, नायतर मेले शेपटी वाढतले."